विश्वचषक सर्वांचा, मग मैदान कुणाचे?

१९ नोव्हेंबर २०२३ च्या दुपारी अहमदाबादच्या सव्वा लाखाहून अधिक क्षमतेच्या स्टेडियममध्ये एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होता. सलग दहा सामने जिंकून आलेला भारतीय संघ २४० धावांत गारद झाला, ट्रॅव्हिस हेडने १३७ धावा कुटल्या आणि ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून चषक नेला. त्या दिवशी देशातल्या प्रत्येक वस्तीप्रमाणे आमच्याही वस्तीत पडदा लागला होता. निळे सदरे घातलेली आमची पोरे विहारासमोरच्या चौकात दाटीवाटीने बसली होती आणि सामना हरल्यावर त्यातली काही ढसाढसा रडली. त्यांचे रडणे खोटे नव्हते. हा देश आपला आहे आणि हा संघ आपला आहे, असे त्यांना मनापासून वाटते. तसे वाटलेच पाहिजे.

पण त्या रडणाऱ्या पोरांपैकी एकानेही आजवर हिरवळीच्या खऱ्या खेळपट्टीवर पाऊल ठेवलेले नाही. कातडी चेंडूचा मार अंगावर घेतलेला नाही. त्यांचे क्रिकेट रबरी आणि टेनिस चेंडूवर सुरू होते आणि तेथेच संपते. टाळ्या वाजवायला आम्ही, जाहिरातीतला माल विकत घ्यायला आम्ही, हरल्यावर रडायलाही आम्ही. मग मैदानात कोण? हा प्रश्न विचारला की लगेच उत्तर येते, "आता क्रिकेटमध्येही आरक्षण आणता का? तेथे फक्त गुणवत्ता चालते." वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात, सचिवालयाच्या पायरीवर आणि न्यायालयाच्या आवारात आपण हेच वाक्य ऐकत आलो आहोत. म्हणून क्रिकेटच्या मैदानावरच या गुणवत्तेची उलटतपासणी घेऊ. साक्षीदार लांबचा आहे, पण भरवशाचा आहे. त्याचे नाव दक्षिण आफ्रिका. २०२७ चा एकदिवसीय विश्वचषक दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबिया या देशांत ठरलेला असल्याने ही साक्ष आताच नोंदवून घेणे योग्य होईल.

वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत काळे लोक क्रिकेट खेळत होते, पण देशाच्या संघात त्यांना जागा नव्हती. केपटाऊनच्या बॅसिल डॉलिव्हेराला देश सोडून इंग्लंडकडून खेळावे लागले; आणि १९६८ मध्ये इंग्लंडने त्याला दौऱ्यासाठी निवडले तेव्हा गोऱ्या सरकारने तो संघच नाकारला, दौरा रद्द झाला. पुढे सुमारे दोन दशके जगाने त्या देशाला क्रिकेटमधून बहिष्कृत ठेवले. या लढ्यात भारताची भूमिका अभिमानास्पद होती. १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध टेनिस खेळण्यास आपण नकार दिला आणि हातातला चषक सोडला. बहिष्कार उठल्यावर त्या देशाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामनाही आपल्याच कोलकात्यात, नोव्हेंबर १९९१ मध्ये झाला. परदेशातल्या वर्णभेदाविरुद्ध एवढी ताठ भूमिका घेणाऱ्या देशाने घरच्या जातिभेदाचा हिशेब मैदानात कधी मागितला काय, हा प्रश्न मात्र तेव्हाही कुणी विचारला नाही.

१९९२ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिका प्रथमच उतरली. त्या उपांत्य सामन्याची आठवण क्रिकेटवेडे आजही काढतात: १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या, पाऊस आला आणि नियमाने फलकावर एका चेंडूत २२ धावा उरल्या. पण त्याच स्पर्धेदरम्यान १७ मार्च १९९२ रोजी त्या देशात काय घडले, ते फार थोड्यांना आठवते. वर्णद्वेष संपवण्याच्या वाटाघाटी पुढे न्याव्यात की नाही, यावर केवळ गोऱ्यांचे सार्वमत घेण्यात आले. कौल विरोधात गेला असता तर त्या संघावर स्पर्धा सोडून परतण्याची वेळ येणार होती. जवळपास ६९ टक्के गोऱ्यांनी होकार दिला आणि संघ खेळत राहिला. ज्यांच्या देशाचा तो संघ होता त्या बहुसंख्य काळ्या जनतेला त्या दिवशी मताचा अधिकारही नव्हता. त्या संघात ओमर हेन्री हा एकच श्वेतेतर खेळाडू होता.

१९९४ मध्ये मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. तरीही नोव्हेंबर १९९८ मध्ये जोहान्सबर्गला वेस्ट इंडीजविरुद्ध जो कसोटी संघ उतरला तो अकराच्या अकरा गोऱ्यांचा होता. कायदा बदलला, संघ बदलला नाही. कायदा दार उघडतो, पण आतले लोक खुर्ची सोडत नाहीत, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. त्या संघावर देशभर टीका झाली आणि मग क्रिकेट मंडळाला परिवर्तनाचे धोरण गांभीर्याने घ्यावे लागले. खेड्यात गुरे राखत वाढलेला मखाया एन्टिनी त्याच वर्षी कसोटी खेळणारा पहिला काळा आफ्रिकन झाला होता. त्याच्याविषयी "कोट्यातला" अशी कुजबुज झाली. त्याने ३९० कसोटी बळी घेऊन उत्तर दिले. पुढे २०२० मध्ये त्याने सांगितले की संघाच्या बसमध्ये शेजारी कुणी बसत नसे, म्हणून तो पिशवी चालकाकडे देऊन मैदानापर्यंत पळत जाई. लोकांना वाटे, हा व्यायाम करतो आहे! पहिल्या पिढीत शिकून कचेरीत गेलेल्या आपल्या कोणत्याही माणसाला हे पळणे समजावून सांगावे लागणार नाही.

२०१६ मध्ये तेथील मंडळाने उद्दिष्ट जाहीर केले. वर्षभराच्या सामन्यांच्या सरासरीने राष्ट्रीय संघात किमान सहा खेळाडू श्वेतेतर असावेत आणि त्यात किमान दोन काळे आफ्रिकन असावेत. हा प्रत्येक सामन्याचा कोटा नव्हता, हंगामाचा हिशेब होता. एका सामन्यात कमी, दुसऱ्यात जास्त चालेल. पण वर्षअखेर हिशेब जुळला पाहिजे. "आता संघ बुडणार" अशी भाकिते तेव्हा झाली. लांगा या काळ्यांच्या वस्तीत जन्मलेला टेंबा बावुमा २०२१ मध्ये एकदिवसीय संघाचा कर्णधार झाला तेव्हा तर टवाळीला ऊत आला. २०२३ च्या विश्वचषकात त्याच्या संघाने साखळीतले नऊपैकी सात सामने जिंकले, पण त्याची स्वतःची बॅट चालली नाही. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात तो शून्यावर बाद झाला, संघ हरला आणि गुणवत्तावाद्यांना हर्ष झाला.

त्यानंतर जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर कसोटी अजिंक्यपदाची अंतिम लढत झाली. रबाडाने सामन्यात नऊ बळी घेतले, एन्गिडीने दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाची मधली फळी मोडली, गोऱ्या मार्करमने १३६ धावा केल्या आणि मांडीचा स्नायू दुखावलेला असताना लंगडत धावणाऱ्या बावुमाने ६६ धावांची साथ दिली. दक्षिण आफ्रिका पाच गडी राखून जिंकली. १९९८ च्या ढाक्यातील एकदिवसीय बाद फेरीच्या स्पर्धेनंतर २७ वर्षांनी त्या देशाला आंतरराष्ट्रीय परिषदेचे अजिंक्यपद मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बावुमाच्या संघाने भारतात येऊन भारताला कसोटी मालिकेत २-० असे हरवले.

येथे वकिलाने आपल्याच पक्षाला सावध करायला हवे. एका विजयाने धोरण सिद्ध होत नाही, जसे एका पराभवाने ते खोटे ठरत नाही. परिवर्तनाच्या धोरणात तेथे चुकाही झाल्या. २०१५ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याआधी काइल अ‍ॅबटऐवजी फिलँडरला खेळवले गेले, त्यावरून मोठा वाद झाला आणि त्याचा सगळा भार बिचाऱ्या फिलँडरच्या खांद्यावर पडला. निवड अखेरच्या क्षणी वरच्या आदेशाने होते आहे असे दिसले, की तो खेळाडूचाही अपमान ठरतो. २०२१ मध्ये ज्येष्ठ वकील दुमिसा एन्त्सेबेझा यांच्यापुढे झालेल्या जाहीर सुनावणीत पॉल अ‍ॅडम्ससारख्या खेळाडूने वर्णावरून वापरल्या गेलेल्या टोपणनावाची साक्ष दिली. म्हणजे संघात घेतल्याने संघातला भेद आपोआप गेला नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रबाडा, बावुमा, एन्गिडी हे तिघेही नामांकित शाळांत शिकले. रबाडाचे वडील डॉक्टर आणि आई वकील. एन्गिडी सामान्य कष्टकऱ्यांचा मुलगा, तो शिष्यवृत्तीवर मोठ्या शाळेत पोहोचला. याचा अर्थ प्रतिभा काळ्या वस्तीत होती, पण हिरवळीची खेळपट्टी आणि प्रशिक्षक त्या मोजक्या शाळांतच होते. वर अकरात जागा राखून खाली मैदान दिले नाही, तर ठरावीक दारांतूनच माणसे येत राहतात. तेव्हा साक्षीचा सारांश एवढाच: प्रतिनिधित्वाने गुणवत्ता मरते, हे विधान खोटे आहे, आणि केवळ वरच्या जागांनी समता येते, हेही विधान अपुरे आहे. जात आणि वर्ण एकच नव्हेत, हे मान्य. पण "गुणवत्ता" नावाची वस्तू कशी घडवली जाते आणि कुणाला नाकारली जाते, याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

याचा पुरावा आपल्या घरातच आहे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात खेळपट्टी राखण्याची नोकरी आणि इंग्रजांना सरावासाठी गोलंदाजी, हे त्यांचे विद्यापीठ. हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले, कारण युरोपियनांना हरवायचे होते. मैदानात त्यांच्या हातातला चेंडू चालत होता, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले त्यात बाळू होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात संघ हरत राहिला, बाळूंनी मात्र शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना अधिकृतपणे कधी मिळाले नाही. १९२० मध्ये या अन्यायाविरुद्ध पळवणकर बंधूंनी संघातून अंग काढून घेतले. तेव्हा कुठे व्यवस्था हलली आणि १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदू संघ जिंकला. भारतीय क्रिकेटमधले सामाजिक न्यायाचे हे पहिले आंदोलन होय. शंभर वर्षे उलटली, पण शाळेच्या पुस्तकात ते किती मुलांनी वाचले?

बाळूंनी १९३२ च्या पुणे करारावर सही केली आणि १९३७ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व पडले, हेही सर्वांना ठाऊक आहे. म्हणून चळवळीने त्यांना विसरावे काय? मुळीच नाही. उलट त्यांच्या आयुष्यातून बाबासाहेबांचीच भूमिका सिद्ध होते. बाळूंच्या गळ्यात हार पडले, पण त्यांच्या हारांनी पाणवठा उघडला नाही. एका माणसाचा गौरव म्हणजे समाजाचे प्रतिनिधित्व नव्हे. आज कुणी एखादे आडनाव पुढे करून "बघा, तुमचाही एक आहे की" म्हणतो, तेव्हा हे उत्तर लक्षात ठेवावे.

आता कायद्याकडे वळू. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ ही तामिळनाडूच्या सोसायटी नोंदणी कायद्याखालची संस्था आहे. २००५ मध्ये झी टेलिफिल्म्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३ विरुद्ध २ अशा मताने सांगितले की हे मंडळ अनुच्छेद १२ खाली 'राज्य' नाही. म्हणजे मूलभूत हक्कांचे बंधन त्याच्यावर राज्यासारखे थेट येत नाही. पण देशाचा संघ निवडण्याचे सार्वजनिक काम ते करते, म्हणून अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते. २०१५ मध्ये बिहार क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली गेली. २०१८ मध्ये विधी आयोगाने २७५ व्या अहवालात मंडळाला माहिती अधिकाराखाली आणण्याची शिफारस केली. मग २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला आणि त्यात माहिती अधिकार सरकारी आर्थिक मदत घेणाऱ्या क्रीडा संस्थांपुरता ठेवण्यात आला. आम्ही सरकारचा पैसा घेत नाही, असे मंडळ सांगते. त्यामुळे ही सर्वांत श्रीमंत संस्था त्या तरतुदीच्या बाहेर राहिली.

सरकारचा पैसा घेत नाही, हे खरे मानू. पण देशाचे नाव कुणाचे? अनेक मैदाने ज्या सरकारी जमिनींवर भाडेपट्ट्याने उभी आहेत, त्या जमिनी कुणाच्या? आणि ज्या लहरींवरून सामने दिसतात त्या कुणाच्या? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर एका एकदिवसीय स्पर्धेनेच मिळवून दिले. १९९३ च्या हिरो चषकाच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगाल क्रिकेट संघटना यांचे भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांचा समावेश असलेल्या पीठाने स्पष्ट केले की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा उपयोग जनहितासाठी झाला पाहिजे. हे दोघेही न्यायमूर्ती १९९२ च्या मंडल निकालाच्या घटनापीठावर होते, हा योगायोग आपल्या वाचकांना आवडेल. मालमत्ता जनतेची, पण नफा आणि निर्णय मूठभरांचे, ही आपल्याकडच्या बलुतेदारीची नवी आवृत्ती नव्हे काय?

प्रतिनिधित्वाचे तत्त्वच क्रिकेटला वर्ज्य आहे, असेही नाही. लोढा समितीच्या शिफारशी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारल्या, तेव्हा मंडळाच्या सर्वोच्च परिषदेत खेळाडूंचे प्रतिनिधी आले आणि त्यात एक स्त्री खेळाडू आली. स्त्रियांसाठी तत्त्व मान्य केले की काय होते, ते पाहा. २००६ पर्यंत महिला क्रिकेट मंडळाच्या छत्राबाहेर होते. २००५ आणि २०१७ च्या विश्वचषकांत भारतीय मुली अंतिम सामन्यात हरल्या. २०२२ मध्ये सामन्याचे मानधन पुरुषांइतके झाले, २०२३ मध्ये त्यांची व्यावसायिक लीग सुरू झाली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक उचलला. या मुलींची गुणवत्ता तीन वर्षांत आकाशातून पडली काय? ती होतीच. मैदान, पैसा आणि मान मिळाला, तेव्हा ती दिसली. जे स्त्रियांच्या बाबतीत खरे, ते अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत खोटे कसे ठरेल?

२०१७ मध्ये रामदास आठवले यांनी क्रिकेट संघात २५ टक्के आरक्षणाची मागणी केली तेव्हा माध्यमांनी ती हसण्यावारी नेली. मागणी मांडण्याच्या पद्धतीवर मतभेद असू शकतात. अंतिम अकरात टक्केवारी लावण्यापासून सुरुवात करावी, असे मलाही वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेचा धडा पाहता सुरुवात खालून व्हावी आणि हिशेब वरपर्यंत जावा.

पहिली मागणी आकड्यांची. आडनावावरून खेळाडूची जात शोधण्याचा उद्योग आपण करू नये. तो मनुवाद्यांचा धंदा आहे. चौदा वर्षांखालील नोंदणीपासून निवड समित्या, प्रशिक्षक आणि पंचांपर्यंत सामाजिक पार्श्वभूमीची ऐच्छिक आणि नावे गुप्त ठेवणारी माहिती मंडळानेच गोळा करावी आणि दरवर्षी प्रसिद्ध करावी. भेद नाही असे ज्याला वाटते, त्याने आकडा लपवण्याचे कारण नाही. दुसरी मागणी जमिनीची. सरकारी जमिनीचा भाडेपट्टा देताना वा वाढवताना महापालिका शाळा, आश्रमशाळा आणि समाजकल्याण वसतिगृहांतील मुलांना ठरावीक दिवस मोफत सराव ही अट लिहिलेली असावी. संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) ने विहिरी, तलाव, रस्ते यांच्यासोबत राज्याच्या निधीतून चालणाऱ्या सार्वजनिक वापराच्या जागाही सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. त्या यादीचा अर्थ मैदानापर्यंत नेणे, हे आपल्या वकिलांचे काम आहे. तिसरी मागणी माहिती अधिकाराची. देशाच्या नावाने खेळणाऱ्याने देशाला हिशेब द्यावा.

आणि चौथी गोष्ट कुणाकडे मागायची नाही, ती स्वतः करायची आहे. भीमजयंतीला आपण वस्तीवस्तीत क्रिकेटच्या स्पर्धा घेतो, चषक वाटतो, रात्री डीजे लावतो. एका वर्षाच्या डीजेच्या पैशात सरावाची एक जाळी, सिमेंटची एक पट्टी, दोन बॅटी आणि पॅड येतात. निवृत्त शिक्षक, रेल्वे वा पोलीस खात्यातून खेळलेली आपली माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना विहारात बोलावून आठवड्यातले दोन दिवस मुलामुलींसाठी मागता येतात. जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीची तारीख आपल्या वस्तीपर्यंत पोहोचत नाही, ती पोहोचवण्याचे काम एक कार्यकर्ता करू शकतो. चाचणीला गेलेल्या मुलाला परत पाठवले, तर कारण लेखी मागण्याचे काम दुसरा करू शकतो.

२०२७ च्या विश्वचषकात पुन्हा आपल्या चौकात पडदा लागेल. पोरे पुन्हा निळे सदरे घालतील, आणि घालावेतच. फक्त त्या दिवसापर्यंत त्यातल्या निदान दोघा-चौघांच्या हातात कातडी चेंडू आलेला असावा, एवढी तयारी आपण आजपासून करू. पळवणकर बंधूंनी मैदानाबाहेर पाऊल टाकून जे मिळवले, ते आपल्याला मैदानात पाऊल टाकून पुढे न्यायचे आहे.

जय भीम!